कौतिकबाईंचा पाला

परवा आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय होता हिरव्या भाज्या आणि आपलं आरोग्य. मी शाळेची मुख्याध्यापिका, त्यात विज्ञानाची शिक्षिका, त्यात फुकट येणारी. मग मला नाही बोलावणार तर कुणाला? मी गेले. हिरवी साडी नेसून गेले, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जीभ सैल होईल.

चांगलं तासभर बोलले. पालेभाजीतलं लोह रक्ताला कसं लागतं, वर लिंबू पिळलं तर ते जास्त कसं अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा ढोसला तर कसं वाया जातं. शेवग्याचा पाला हाडांना चांगला, डोळ्यांना चांगला, चोथ्यानं पोट साफ राहतं, सगळं सांगितलं. शेवटी एक गंमत सांगितली. म्हटलं, अंगात रक्त कमी आहे का याचा अंदाज घ्यायचा तर डोळ्याची खालची पापणी हळूच ओढा आणि आतला रंग बघा. लालसर दिसली तर बरं, पांढुरकी दिसली तर डॉक्टरला दाखवा. मेंढरं राखणारे लोक मेंढीचं असंच बघतात. झालं, बायका लागल्या एकमेकींच्या पापण्या ओढायला. हशा झाला, टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "केवढा अभ्यास आहे हो मॅडमचा!"

मी आपलं "छे, छे" म्हणाले. जसं म्हणतात तसं.

मग बटाटेवडे आले आणि त्यावर लगेच चहा. तासाभराच्या भाषणाचा उपयोग तिथंच कळला. चहा पिताना एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ते पापणीचं तुम्ही सांगितलं ना, तसं बघणारी एक भाजीवाली शहागंजच्या बाजारात बसते. म्हातारी आहे. गिऱ्हाइकाबरोबर पोरगी असली की आधी तिची पापणी ओढून बघते, मग भाजी देते. तुम्ही ओळखता का तिला?"

मी कप बशीत ठेवला. "नाही बाई," मी म्हणाले.

कौतिकबाईंना नाकारायची ही माझी दुसरी वेळ.

कौतिकबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. शाळा पैठण रोडला शहराच्या कडेला, मुलींची, आणि पोषण आहाराचं काम माझ्याकडं होतं. त्यांचं घर बिडकीनच्या अलीकडच्या एका वस्तीवर. बापाची मेंढरं होती, नवऱ्याचीही होती. पुढं तिकडची रानं कारखान्यांत गेली, चरायला जागा उरली नाही, तशी मेंढरं विकली. मुलगा एका कंपनीच्या गेटावर उभा राहायला लागला आणि या आमच्याकडं चुलीपुढं. उंच, काटक बाई. हातात जाड चांदीचं कडं, आणि बोटांची टोकं बारा महिने हिरवी. घासून घासून हात धुवायच्या तरी नखांच्या कडेचा हिरवा रंग जायचा नाही, कारण त्या काळी-पिवळी जीपमधून फाट्यावर उतरून शाळेपर्यंत बांधाबांधानं चालत यायच्या आणि येता येता काही ना काही खुडत यायच्या.

मला त्या 'मॅडमबाई' म्हणायच्या. नुसतं मॅडम म्हणणं त्यांना कोरडं वाटायचं आणि नुसतं बाई म्हणणं कमी वाटायचं. मी तोंडावर त्यांना मावशी म्हणायचे आणि पाठीमागं 'ती खिचडीवाली'. आज त्या-त्या करतेय, पण तेव्हा पाठीमागं मी त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं, ही खरी गोष्ट आहे.

स्वयंपाकाची खोली सहावीच्या वर्गाला चिकटून होती, मधे एक खिडकी. माझा तास चालला की कौतिकबाई त्या खिडकीखाली तांदूळ निवडत बसायच्या. मला वाटायचं सावली म्हणून बसतात. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी मला अडवलं.

"मॅडमबाई, एक इचारू? तुमी म्हनल्या पाल्यात लोखंड आसतं. म्हंजे आपल्या तव्यातलंच का दुसरं?"

मला हसू आलं. म्हटलं, "लोखंडच, पण अगदी बारीक. डोळ्याला दिसत नाही."

"आन् लिंबू पिळलं तर लई लागतं म्हनल्या, ते खरं का पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं खरंच असतं मावशी."

"मंग पोरींच्या खिचडीवर आपुन लिंबू का नाय पिळत?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी 'वरून येत नाही' वगैरे म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी कौतिकबाईंच्या पिशवीत लिंबं होती. शाळेमागच्या मळ्यातल्या माणसाच्या बायकोला त्या दुपारी शेळ्या बांधू लागायच्या आणि त्याबदल्यात झाडाखाली पडलेली लिंबं आणायच्या, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. वर्षानुवर्षं मी तो धडा शिकवत होते. पाठ करून उत्तरपत्रिकेत ओकणाऱ्या मुली पुष्कळ निघाल्या. ऐकून तसं वागणारी विद्यार्थिनी एकच निघाली, आणि ती खिडकीच्या पलीकडं तांदूळ निवडत होती.

पाल्याचं सुरू झालं ते श्रमदानाच्या दिवशी. पावसानं मैदानात गुडघाभर हिरवं माजलं होतं आणि मी पोरींना ते उपटायला लावलं होतं. ढीग झाला. कौतिकबाई पळीसकट धावत आल्या.

"आगं आगं, थांबा! आवो मॅडमबाई, हा तांदुळजा हाय! ही पाथरी हाय! वर्गात पोरींला हिरवं खा म्हंता आन् भायेर तेच उपटून फेकायला लावता?"

पोरी खो-खो हसल्या. मीही हसले. म्हटलं, "बरं बाई, तुमचंच खरं. टाका मग खिचडीत, काय हरकत आहे."

बोलले मी. माझ्या तोंडानं बोलले, पन्नास पोरींच्या देखत. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

तेव्हापासून खिचडी हिरवी व्हायला लागली. कधी तांदुळजा, कधी शेवग्याचा पाला, थंडीत करडई आणि हरभऱ्याचे शेंडे. स्वयंपाकाच्या खोलीमागंच शेवग्याचं झाड होतं, ते तर घरचंच झालं. पण त्यांचे नियम कडक. नाल्याकडंचं घ्यायचं नाही, फवारलेल्या रानातलं घ्यायचं नाही, तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्यात टाकायचं नाही. "मेंढी तोंड लावत नाय त्याला आपुन हात लावायचा नाय," म्हणायच्या, "आन् मेंढी खाती ते समदं आपल्याला पचंलच आसं बी नाय. ती मेंढी हाय, आपुन मान्सं." अनोळखी पान असलं तर कुणी कितीही सांगू दे, टाकून द्यायच्या.

आणि पापणी. वाढायला बसल्यावर मुलगी ताट घेऊन पुढं आली की डाव्या हाताच्या अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायच्या. "वर बघ. आभाळाकडं बघ गं." मुलगी वर बघायची, यांना हवं ते दिसायचं. लाल असली तर "हं, चल." पांढरी असली तर पळी पातेल्याच्या तळाशी जायची, जिथं पाला बसलेला असतो, आणि वरून अर्धं लिंबू. मी एकदा ओरडले, "मावशी, डोळ्यांना हात लावू नका मुलींच्या, काहीतरी व्हायचं!" तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलीनंतर हात साबणानं धुवायच्या. रांग थांबायची, पोरी कुरकुरायच्या, पण यांचं धुणं आणि बघणं चालू.

शीतल नावाची एक मुलगी होती. वर्गात सारखी बाकावर डोकं टेकायची. मी तिला उभं करायचे, बोलायचे, एकदा तर वर्गाबाहेर काढलं. बाहेर म्हणजे खिचडीच्या खोलीसमोर. तास संपल्यावर कौतिकबाई मला म्हणाल्या, "मॅडमबाई, पोरगी झोपाळू नाय. पांढरीफटक हाय. मेंढी आशी बसाया लागली की आमी तिला मारत नव्हतो." पुढच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घरी चहाबरोबर घेतली जाईल म्हणून कौतिकबाई ती रोज स्वतःसमोर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला लावायच्या, वर तळाची खिचडी. काही महिन्यांनी शीतल कबड्डीत असली भांडायला लागली की पंचाला रडू यायचं बाकी होतं. पालक सभेत मी उभी राहून सांगितलं, "आम्ही या मुलीकडे विशेष लक्ष दिलं." आम्ही! तेव्हा कौतिकबाई मागं पालकांना पाणी देत होत्या. मान हलवत होत्या, अगदी खुश होऊन, जणू मीच केलं होतं सगळं.

माझी पापणीही त्यांनी एकदा ओढली. मी डबा खाल्ला, बटाट्याची भाजी-पोळी, आणि लगेच थर्मासमधला चहा ओतला. कौतिकबाई दारात उभ्या. "पोरींला सांगता भाजीवर चहा नको, आन् तुमी?" म्हटलं, "डब्यात भाजी कुठं हिरवी आहे मावशी?" तर जवळ येऊन, हात पदराला पुसून, सरळ पापणी ओढली. "वर बघा. तुमची बी पांढरी हाय की वो!" मला राग आला. सगळ्या शिक्षिका बघत होत्या. मी त्यांचा हात झटकला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं कुणीतरी मागून पुटपुटलं, आणि तो रागही मी कौतिकबाईंवरच काढला. आठवडाभर बोलले नाही.

आता वहीचं सांगते.

पोषण आहाराची एक चव नोंदवही असते. मुलींना वाढायच्या आधी शिक्षिकेनं खिचडी चाखायची, तारीख घालून 'चव घेतली, आहार उत्तम' असं लिहायचं आणि सही करायची. वही स्वयंपाकाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. कौतिकबाई रोज न चुकता एका वाटीत खिचडी काढून, वर ताटली झाकून, माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या. "चाखा मॅडमबाई." आणि मी रोज न चुकता म्हणायचे, "ठेवा, बघते." वाटी निवायची, साय धरायची, आणि दुपारी त्याच ती उचलून न्यायच्या. मी कधीही चाखली नाही. मला खिचडीच आवडत नाही, आणि चुलीवरच्या त्या वासानं कसंतरी व्हायचं. सही मात्र चुकली नाही. दर सोमवारी शाईच्या पेननं मी सोमवार ते शनिवार अशा सहा ओळी एकदम भरून टाकायचे. चव उत्तम, चव उत्तम, चव उत्तम. अजून न शिजलेल्या खिचडीची चव.

कौतिकबाईंना वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. एकदा म्हणाल्या, "सहाच्या सहा आजच?" मी म्हटलं, "वेळ नसतो मावशी." वाटी मात्र रोज आणत राहिल्या.

तो गुरुवार होता. आमचे मुख्याध्यापक रिटायर होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव पुढं होतं. मी माझी फाईल लावत बसले होते. सकाळी कौतिकबाई तेलाचा डबा घेऊन आल्या.

"मॅडमबाई, वास बगा. खवट मारतंय. कोठीची किल्ली द्या, नवा डबा काढते."

किल्ली घरी राहिली होती. हे कबूल करायलाही मला जड गेलं. म्हटलं, "आजच्या दिवस वापरा."

"आवो, जरा वास तर घ्या. न्हायतर शिजल्यावर वाटी आनते, पोरींच्या आधी चाखा तरी."

"मावशी, डोकं खाऊ नका माझं. पोरी उपाशी ठेवायच्यात का? सही झालेली आहे."

त्या म्हणाल्या, "निम्मंच टाकते मंग," आणि गेल्या. वाटी आली, टेबलावर राहिली. जेवणानंतर तासाभरात दहा-बारा मुलींना उलट्या झाल्या. दवाखान्यात नेल्या, मीठ-साखरेचं पाणी दिलं, दिवेलागणीपर्यंत सगळ्या आपापल्या घरी चालत गेल्या, देवाची कृपा. पण तोवर शाळेच्या फाटकात पालक जमले होते आणि पातेल्यात कुणाला तरी हिरवी पानं दिसली होती. "आमच्या पोरींना गवत खायला घालता?" एकच आरडाओरड. तेलाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. ते फक्त दोघींना ठाऊक होतं.

चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले, आणि पहिलंच वाक्य, "चव नोंदवही आणा."

गुरुवार होता, आणि वहीत शुक्रवार-शनिवारची चवही उत्तम लिहिलेली होती. एवढी एक वही साहेबांनी उघडली असती की खुर्ची तर सोडाच, होती ती नोकरी गेली असती. मी जागची हलले नाही. कौतिकबाई दारात होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आनते साहेब."

आतून पातेलं पडल्याचा मोठा आवाज आला. कौतिकबाई परत आल्या तेव्हा वहीतून डाळीचं पाणी ठिबकत होतं आणि माझी शाई पानापानांवरून वाहत होती.

"घाईत पातेलं कलंडलं साहेब. माझ्या हातनं."

साहेब भडकले. मुद्दाम केलंस का, पुरावा घालवतेस का, काय काय बोलले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग साहेबांनी विचारलं, "आणि हा पाला कुणाच्या परवानगीनं टाकत होतीस?"

कौतिकबाईंनी माझ्याकडं बघितलं. वाट बघत होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी सांगितलं होतं.' पाल्यानं काही झालेलं नव्हतं, मला माहीत होतं. तीन शब्द पुरे होते.

मी म्हणाले, "मला याची काही कल्पना नव्हती, साहेब."

ज्या बाईनं मला आत्ता, दोन मिनिटांपूर्वी वाचवलं होतं, तिच्याकडं बघून मी हे म्हणाले. इतक्या वर्षांनी लिहितानाही कान तापतात.

कौतिकबाईंनी नजर खाली घेतली. "कुनी नाय सांगितलं साहेब," त्या म्हणाल्या. "माझंच डोकं."

त्यांना त्याच दिवशी काढलं. पेपरात छोटी बातमी आली, खिचडीत रानटी पाला म्हणून. वस्तीवरच्या लोकांनीही वाचली असणार. जाताना त्या माझ्या टेबलाजवळ आल्या, सकाळची झाकलेली वाटी तशीच होती, ती उचलली, धुतली, फळीवर पालथी घातली आणि गेल्या. मी फाईलमध्ये डोकं घालून बसले होते. तेलाचा डबा मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिला.

जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले. माझ्या सहीची पहिली सूचना स्वयंपाकाच्या खोलीत लागली: आहारात बाहेरचा कोणताही पाला वापरू नये. कुणी मागितली नव्हती ती सूचना. मला सुरक्षित वाटावं म्हणून लावली. शेवगा अजून आहे. त्याचा पाला गळतो आणि झाडून घंटागाडीत जातो.

तर परवाच्या त्या भाषणानंतर मला झोप लागली नाही. काल दुपारी रिक्षा केली आणि क्रांती चौकातून शहागंजात गेले. गर्दीत शोधावं लागलं नाही. घड्याळाच्या टॉवरच्या बाजूला गोणपाटावर ओलं फडकं, फडक्यावर करडई, तांदुळजा, शेवगा, कोपऱ्यात हिरवे पेरू आणि आवळे, आणि मागं कौतिकबाई. अंगानं निम्म्या झालेल्या. बोटं हिरवीच.

"अगं बया! मॅडमबाई!" त्या एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की दोन गिऱ्हाइकं वळली. "या, या, बसा हितं." गोणपाट झटकून त्यांनी मला जागा केली. शेजारच्या लसूणवाल्याला म्हणाल्या, "भाई, ये हमारी स्कूल की मॅडम. भोत शिकेली है. मेरेकू लिंबू का इनोंच बोले थे."

मी बसले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. शीतल काय करते? कॉलेजात? व्हय का! आन् ती चष्मेवाली? आन् खिडकीची तुटकी फळी बसवली का? मग एकदम पुढं वाकून, हळू आवाजात, म्हणाल्या, "पोरींच्या खिचडीत पाला टाकता न्हवं अजून?"

"हो," मी म्हणाले. "टाकतो की."

काय चेहरा झाला त्या बाईचा! "मंग झालं," म्हणाल्या. "मंग कायबी नाय. मी म्हनायचे मनाशी, मॅडमबाई हायेत थितं, त्या बंद नाय करायच्या." आणि भराभर तांदुळज्याच्या जुड्या उचलून पिशवीत भरायला लागल्या, एक, दोन, चार, अर्धं फडकं रिकामं केलं. "ह्यो उद्याच्या खिचडीला. पैशाचं नाव काढू नका. आन् थांबा जरा, तुमी लई पांढऱ्या दिसायल्या. बगू."

त्यांनी बाजूच्या तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि गार अंगठा माझ्या डोळ्याखाली ठेवला.

"वर बघा, मॅडमबाई. आभाळाकडं."

मला वर बघता येईना. खरंच सांगते, मान हलेना. शहागंजाच्या एवढ्या गोंगाटात मी त्या गोणपाटाच्या सुतळीकडं बघत बसले.

"वर बघा की."

"मावशी," मी म्हणाले, "पाला बंद आहे. मीच बंद केला. तुम्ही गेल्यावर लगेच. आणि त्या दिवशी ते तेल..."

अंगठा तिथंच होता. मग निघाला.

"तेलाचं मला ठावं हाय," कौतिकबाई म्हणाल्या. "वहीचं बी. म्या काय पातेलं पडू देनारी बाई हाय का? सोताच वतलं." त्या रागावलेल्या नव्हत्या. वर्गाच्या खिडकीतून विचारायच्या त्याच आवाजात बोलत होत्या. "म्या इचार केला, खिचडी काय, कुनी बी शिजवीतंय. पर मॅडमबाई गेल्या तर पोरींला त्यो धडा कोन शिकवनार? म्हून गप ऱ्हायले. त्याचं मला कायबी नाय. गेलं ते गेलं."

पिशवी दोघींच्या मधे होती. त्यांनी तिच्यातली एक जुडी बाहेर काढली आणि नुसती हातात धरून ठेवली.

"पर मंग पोरींचा पाला का वो बंद केला?"

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. माझ्याकडून काही शिकायला मिळेल म्हणून थांबायच्या, तशा त्या थांबल्या होत्या. मी गोणपाटावरून उठले.

तेवढ्यात बुरख्यातली एक बाई छोट्या मुलीचा हात धरून समोर आली. "खाला, तांदुळजा कैसा दिये?" कौतिकबाईंनी हातातली जुडी तिच्यापुढं ठेवली आणि पुन्हा तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. मग मुलीच्या गालावर अंगठा टेकवला.

"ऊपर देख गे बेटा. आसमान की तरफ."

मुलीनं लगेच वर बघितलं. मी खाली बघत उभी होते.